ओलं किराईत

आत्याबाई, तुमचा काढा पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात आला आहे, आणि या खेपेला तो मिक्सरमधून आला. तुमच्या वेळी पाटा-वरवंटा होता, म्हणून सांगते, मिक्सर म्हणजे झाकणाचं भांडं, बटण दाबलं की आतल्याचं पीठ. त्या भांड्यात तुमच्या पणतीनं वाळलेल्या किराईताच्या काड्या दळल्या. माझ्या भांड्यात, मला न विचारता. तीनदा धुतलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी त्यातच खोबऱ्याची चटणी वाटली, आणि पहिल्या घासाला माझा मुलगा, म्हणजे तुमचा नातू, जो आता पन्नाशी ओलांडलेला बाप्या आहे, चार वर्षांच्या पोट्ट्यासारखा जीभ बाहेर काढून बेसिनकडे पळाला. मला हसू आवरेना आणि त्याच वेळी मी ताटली दूर सारली. तो वास! ओल्या गोणपाटाचा, जुन्या खाटेच्या सुतळीचा, त्यात काहीतरी हिरवं कुजल्यासारखं. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, चौबे कॉलोनीत चौथ्या मजल्यावर राहते मी आता, लिफ्टनं येते-जाते, आणि तो वास मात्र जिन्यानं चढून आला. तुमच्याशी बोलायचं कितीतरी दिवस मनात होतं. चौथीपर्यंत शिकलेली तुमची ही सून काय पत्र लिहिणार, पण पोरीचे एका बाजूला छापलेले कागद रद्दीत चालले होते, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहून राहिली आहे. पाठीमागे कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. त्याही तुमच्या काढ्याच्याच आहेत म्हणे.

ही पणती तुम्ही पाहिली नाही. नाक तुमचं आहे आणि हट्टही तुमचाच. मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदीतून, मी वऱ्हाडीतून बोलते, आणि आमचं दोघींचं छान जमतं. कॉलेजातून एका मॅडमच्या हाताखाली पीएचडी करते. डॉक्टर होणार, पण सुई टोचणारी नव्हे. झाडपाल्यात औषधाचा जो नेमका कण असतो तो बाकीच्या गाळापासून वेगळा काढायचा, आणि तो कसा बनला आहे, त्याचं पक्कं नाव काय, ते शोधून लिहून द्यायचं, असं तिचं काम. मला एकदा घेऊन गेली दाखवायला. आत पाय टाकला आणि मी पदर नाकाला लावला. नखाला लावायच्या रंगाचा वास, रॉकेलचा वास, स्पिरिटचा वास, आणि सगळ्यांच्या खाली तुमचं किराईत. मोठमोठ्या बरण्यांत भुकटी दारूसारख्या कशात तरी भिजत घातलेली. ते पाणी गाळून एका गोल काचेच्या भांड्यात घालायचं, ते भांडं गरम पाण्यात आपोआप गरगर फिरतं आणि पातळ सगळं उडून जातं. मागे उरतं ते काय सांगू! गोठ्यातल्या नालीत उन्हाळ्यात जसा काळाहिरवा चिकटा साचतो ना, तसा. पोरीनं तो पळीनं खरवडून मला दाखवला, आणि चेहरा असा की जणू खवा आटवला आहे. “आजी, देख, कितना अच्छा आया!” मी म्हटलं, “बाई, हे माणसाले पाजणार असशील तर आधी तुझ्या मॅडमले पाज.”

पण पुढचं मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू. एक उभी काचेची नळी, माझ्या हाताएवढी लांब, आत पांढरी भुकटी ठासून भरलेली. वरून तो चिकटा सोडला आणि त्यावर थेंबथेंब कसलं तरी पाणी. बघता बघता त्या घाणीचे पदर सुटायला लागले. आधी पिवळा पट्टा खाली सरकला, हळदीच्या पाण्यासारखा, मग हिरवा, मग मळकट. मी टाळी वाजवली तर तिथल्या पोट्ट्या हसायला लागल्या. मी विचारलं, “यातला कडू कोणता?” तर म्हणते, “वो दिखता नहीं आजी, उसका रंगही नहीं है.” म्हणून खाली येणारं सगळं बारक्या बारक्या नळ्यांत झेलायचं, आणि प्रत्येक नळीतला एक ठिपका एका पट्टीवर लावून पाहायचा. पट्टी उभी केली की ठिपका वर चढतो, टीपकागदावर शाई चढते तसा, आणि निळ्या दिव्याखाली धरला की दिसतो. ओळखीचा ठिपका शेजारी लावायचा. दोघे एका उंचीवर थांबले तर आपला माणूस सापडला. पोतंभर काड्या, सहा महिने, आणि शेवटी एका बाटलीच्या तळाला चिमूटभर पांढरे बारीक खडे, साखरेच्या पिठीसारखे चमकणारे. त्या नालीच्या चिकट्यातून इतकं देखणं काही निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी बोट पुढे केलं तर पोरगी ओरडली, “चाटना मत!” जशी काही मी चाटणार होते.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही म्हणाल, सूनबाई गावभर फिरून आली अन् पाणी भरायचंच राहिलं. ही पोरगी किराईताच्याच मागे काहून लागली? तर तुमच्यामुळे आणि माझ्यामुळे. आपल्या घरची ती गोष्ट. बूढ़ापाऱ्यातली दोन खोल्यांची जागा, मागे हातभर अंगण, तिथून पाच मिनिटांवर तलाव. तुमचा हा नातू झाला आणि मला ताप धरला. उतरायचा, पुन्हा चढायचा. रेल्वेच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, पण तुमचा भरवसा गोळ्यांवर नव्हता. तुम्ही एकवीस दिवस काढा केलात. पहाटे तलावाच्या पाळीवर जाऊन झाडं उपटून आणायच्या, त्या जर्मनच्या पातेल्यात, तुमच्या गंजात, आठ पेले पाणी घालून एक पेला होईपर्यंत उकळायच्या, आणि माझ्या उशाशी पितळेच्या पेल्यात आणून ठेवायच्या. शेजारी गुळाचा खडा. “नाकं मुरडून नको राहू, पे. घोट घोट करशीन तर लागते कडू. एका दमात पे.” आणि तुम्ही बाळाला तेल लावायला आत जायच्या. एकवीस दिवसांनी मी उठले. मग काय! साऱ्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात झालं की दाईनं, तुम्हाला तिथं सगळे दाईच म्हणायचे, सुनेला किराईतावर उठवलं. ही गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली, त्यानं त्याच्या मुलीला, आणि मुलीनं ती तिच्या जाड्या वहीच्या पहिल्याच पानावर इंग्रजीत लिहिली. मला हिंदीत वाचून दाखवली होती. माझ्या आजीने हा काढा एकवीस दिवस घेतला, तिचा ताप गेला, तिथून हे काम सुरू झालं. मी ऐकताना पदराशी खेळत बसले. पोरीला वाटलं आजी लाजली.

अगदी सुरुवातीला तिनं मला एवढंच विचारलं होतं, “पणजी कौन सा पौधा लेती थी?” मी म्हटलं, “किराईत.” ती म्हणाली, “मतलब चिरायता?” मी म्हटलं, “हव, तेच ते.” झालं. बाजारात जडीबुटीवाल्याकडे जाऊन चिरायता म्हणून पोतं आणलं. पानं झडलेली, नुसत्या मोडलेल्या काड्या. त्यातून सहा महिने खपून ते पांढरे खडे काढले, आणि चिरायत्यातला कडू कण म्हणून जो शुद्ध नमुना बाहेरून मागवला होता, तो तेव्हा कुठे आला, त्याच्या शेजारी ठिपका लावला. तिचा ठिपका भलतीकडे. पुन्हा लावला, पुन्हा भलतीकडे. मग कोणा झाडांच्या सरांना काड्या दाखवल्या, ते म्हणाले, “ये चिरायता है ही नहीं. ये तो भुईनीम है. इधर दुकानों में यही चलता है.” मॅडमनी पोरीला सगळ्यांसमोर झाडलं. पोतं उघडायच्या आधी दाखवायचं असतं, म्हणे, खडे निघाल्यावर नाही. पोरगी घरी आली, चप्पल काढली नाही, तशीच माझ्या पलंगावर पालथी पडली. “छह महीने, आजी. छह महीने.” मी पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला त्या बाजारवाल्याचा, त्या पोत्याचा, त्या साऱ्या हिरव्या गाळाचा असा तिटकारा आला की संध्याकाळची भाजीसुद्धा मेथी सोडून बटाट्याची केली.

मॅडमनी मात्र एक वाट ठेवली होती. काम आजीच्या काढ्यावर आहे ना, मग आजीच्या घरात जे झाड वापरत होते तेच खरं. ते भुईनीम असेल तर पोतं चांगलं, फक्त नाव बदलायचं आणि नमुना दुसरा मागवायचा. ते पहाडी चिरायता असेल तर सगळं फेकून पहिल्यापासून. आणि पोरगी उठून बसली, डोळे पुसले, आणि मोठ्या आनंदानं म्हणाली, “आजी, तू है ना! तूने तो इक्कीस दिन पिया है. चव तो याद होगी!” मराठी शब्द वापरला की ती माझ्याकडून काहीतरी काढून घेणार असते, हे मला ठाऊक आहे.

रविवारी दुपारी तिनं दोन काढे केले. एका पातेल्यात पोत्यातल्या काड्या, दुसऱ्यात मॅडमकडून आणलेला खरा पहाडी चिरायता. ओट्यावर दोन स्टीलच्या वाट्या ठेवल्या, शेजारी वही उघडी. माझा मुलगा दारात उभा राहून म्हणतो, “आई, नाक दाबून घे.” मी डाव्या हाताची वाटी उचलली. आत्याबाई, काय सांगू तुम्हाला. रंग असा की कोणी पान खाऊन त्यात चूळ भरली असावी. वर एक साय आलेली, तिच्यावर बारीक कचरा फिरून राहिला होता. ओठाला लागलं आणि कानापर्यंत काटा गेला. कडू म्हणावं तर कारलंही कडू असतं, मेथीही असते, त्यांच्यात काही माणुसकी असते. हे घशात नख खुपसतं. दुसरी वाटी उचलली, तीही तशीच. मागून आणखी काहीतरी मातकट. दोन्ही वाट्यांनी डोळ्यांत पाणी आणलं, आणि समोर ती पोरगी, पेन उघडून, श्वास धरून. “कौन सी, आजी?” मला काय ठाऊक! मला कसं ठाऊक असणार, आत्याबाई? पण मी तिला किराईत म्हणून सांगितलं होतं, चिरायता म्हणून सांगितलं होतं, साऱ्या घरादाराला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. आता भुईनीम म्हटलं तर माझा पहिला शब्द खोटा पडतो. मी माझा शब्द वाचवला. पहाडी चिरायत्याच्या वाटीकडे बोट केलं आणि वर ठसक्यात म्हटलं, “हेच. अशी चव माणूस विसरते काय?”

पोरीनं लिहून घेतलं. मग वही मिटली, बाल्कनीत गेली आणि त्या अर्ध्या उरलेल्या पोत्याचं तोंड सुतळीनं बांधायला लागली. गाठ दोनदा सुटली तिच्या हातून. माझा मुलगा म्हणाला, “अब क्या?” ती म्हणाली, “अब फेंकना है. शुरू से.” आणि मला तेव्हा जी शिसारी आली ना, ती वाटीतल्या पाण्याची नव्हती. सत्तरी उलटलेली बाई मी, दात अर्धे पडले, आणि दोन वाट्यांपुढे खोटं बोलले, तेही अशा पोरीशी, जी मला देवळातली साक्ष समजून बसली आहे. बाहेर जाऊन थुंकावंसं वाटत होतं आणि थुंकायला तोंडात काही नव्हतं.

दोन दिवस मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आली नाही म्हणून भांडी मीच घासायला घेतली. ती दोन पातेली तशीच पडली होती, चोथ्यासकट. उन्हाळा, झाकण घातलेलं, उघडलं तर वर बुरशीचा पांढरा मळ आणि असा भपका की मी दोन पावलं मागे सरले. मग म्हटलं, माझीच करणी आहे, हात घाल. चाळणी ठेवून पहिलं पातेलं उपडं केलं. चोथा हातात घेतला, मुठीत दाबून पाणी काढलं, आणि आत्याबाई, माझी मूठ तशीच राहिली. काडीची कोर बोटांत शिरत होती. चौकोनी काडी. चारी बाजूंनी धार, खाटेचं लाकूड रंधून काढल्यासारखी. मी नळ बंद केला. डोळे मिटले तर चौबे कॉलोनी गेली कुठल्या कुठे, मी बूढ़ापाऱ्यात मोरीपाशी उकिडवी बसलेली, पुढ्यात तुमचा जर्मनचा गंज, मुठीत राखुंडी, आणि तो हिरवा चोथा नखात भरतो, त्याच्या चौकोनी काड्या तिथेच टोचतात, अंगठ्याच्या पेऱ्यात. नव्या बाळंतिणीला कोण भांडी घासू देतं म्हणाल, पण सोयराचे दहा दिवस संपले होते, तो एक गंज मी स्वतःहून मागून घेत होते. तुम्हाला वाटलं, सूनबाई कष्टाळू. मला भीती होती, गंज कोणी पाहिला तर. दुसरं पातेलं उपडं केलं, पहाडी चिरायत्याचं. त्याच्या काड्या गोल गोल, जाड, बोटांत गुळगुळीत फिरणाऱ्या. या मी जन्मात घासल्या नव्हत्या.

पोरगी कॉलेजला निघाली होती, पाठीला बॅग. मी ओल्या हातानं तिचा दंड धरला आणि चोथ्याची मूठ तिच्या नाकापुढे उघडली. ती मागे झाली. “छी आजी, ये क्या?” मी म्हटलं, “हे पाह्य. चौकोनी काडी. तुझी पणजी हेच आणे. पोतं फेकू नको.” “पर तूने तो दूसरी बोली थी. स्वाद से.” मी म्हटलं, “मले चव ठाऊक नाही.” “मतलब? भूल गई?” आणि इथं पळायला जागा होती, बरं का. म्हातारपण आहे, विसरले म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. पण मग ती म्हणाली असती, विसरलीस तर काडी कशी आठवते? म्हणून म्हटलं, “मी पेलीच नाही कधी. मी गंज घासला.”

तिनं बॅग खाली ठेवली. “एक दिन भी नहीं?” “पहिल्या दिवशी ओठाले लागला. तिथंच ओकली.” “तो वो इक्कीस दिन?” “पेल्यातला गंजात ओतला, गंजातला अंगणात. कढीपत्त्याच्या बुडाशी.” “रोज?” “रोज.” मग जी पोरगी भडकली! “आजी! मैंने सबको बताया है! मॅडम को! सेमिनार में खड़े होकर! पहले पन्ने पर लिखा है मैंने!” मी म्हटलं, “हव, ठाऊक आहे मले.” “और बुखार?” “गोळ्यांनी गेला असन, नाहीतर आपोआप गेला असन. मी काय जाणू.” ती ओट्याला टेकून उभी राहिली. रडते की हसते कळेना. मग एकदम तिनं माझ्या हातातली काडी घेतली, खिडकीकडे धरून फिरवली, आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, “चौकोनी थी, ये पक्का? कसम से?” मी म्हटलं, “पोट्टी, एकवीस दिवस बोटात शिरली माझ्या. चव खोटी सांगितली तुले, हात खोटा कसा सांगू?” “पणजी इसको किराईत ही बोलती थी?” आणि मग मला ते आठवलं. तुमचं नि शेजारच्या काकीचं अंगणातलं बोलणं. काकी म्हणाली होती, “दाई, एला तो हमन भुईनीम कहिथन.” तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, “असन तुमची भुईनीम. आमच्या इकडे याले ओलं किराईत म्हणते.” ओलं. मी तेव्हा समजले, ताजं उपटून आणलेलं म्हणून ओलं. वाळलं की वाळलेलं किराईत होणार. ओलं काय अन् वाळलं काय, किराईत ते किराईत, म्हणून पोरीला सांगताना मी तो शब्दच गाळला होता. पोरीनं फोनवर भुईनीमची नावं काढली, बोटानं खाली खाली सरकवत गेली, आणि मराठी नावापाशी थांबली. तिला वाचता येतं, हळू येतं. “ओ... ले... किराईत. आजी, ओले मतलब?” मी म्हटलं, “गीला.” ती म्हणाली, “गीला नहीं आजी. ये इसका नाम है.” आणि त्याच्याखाली, वेगळ्या ठिकाणी, काडेकिराईत. तो पहाडी चिरायता. दोन वेगळी झाडं, वेगळ्या घराण्यातली. तुमच्या तोंडून पुरं नाव निघालं होतं. मी अर्धं धरून ठेवलं.

पोत्याची गाठ तिनं दातानं सोडली. पोतं वाचलं, आत्याबाई. पोरीनं पाळीवरून भुईनीमचं ताजं झाड आणलं, फुला-मुळा-पानांसकट, ते सरांना दाखवून कागदात दाबून ठेवलं. नवा नमुना मागवला. परवा दुपारी मी वाळवण गोळा करत होते तर फोनवर फोटो आला. पट्टीवर दोन ठिपके, अगदी एका रेघेत, दोघी जावा एका सतरंजीवर बसल्यासारखे. खाली लिहिलं होतं, “आजी, मिल गया.” मी फोन शेजारणीला दाखवला. ती म्हणाली, “यह क्या है दीदी?” मी म्हटलं, “आमच्या सासूबाईंचा काढा.” ती बिचारी ठिपक्यांकडे पाहत राहिली.

पहिलं पान मात्र तिनं बदललं. मला वाचून दाखवलं, मुद्दाम सावकाश. की हा काढा घरात तापासाठी करत असत. आजीने तो घेतलेला नाही. ताप कशाने गेला हे सांगता येत नाही. वनस्पतीची ओळख आजीने चोथ्यातल्या चौकोनी काडीवरून पटवली. मी म्हटलं, “बाई, माझी चोरी इंग्रजीत छापून राहिली काय तू?” म्हणते, “हाँ. और मॅडम को ये वाला ज़्यादा अच्छा लगा.” घरात आता सगळ्यांना माहीत आहे. मुलगा दोन दिवस मला चहा देताना विचारायचा, “पेते का ओतते?” मेला. पण मला वाईट वाटतं ते दुसऱ्याचंच. माझ्या उठण्यामुळे पाऱ्यातल्या बाया तुमच्याकडे येत होत्या ना, कोणाची सून, कोणाचं पोर तापलेलं घेऊन. तुम्ही मला ओसरीवर बोलवायच्या आणि म्हणायच्या, “विचारा आमच्या सूनबाईले.” आणि मी पदर सावरून सांगायची, “हव काकी, लई गुण येते.” किती जणींनी माझ्या शब्दावर तो गाळ घशाखाली ढकलला असेल. आठवलं की अजून तोंडात पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

काल दुपारी हे लिहायला बसले आणि एक गोष्ट अशी उभी राहिली की पेन खाली ठेवावं लागलं. काढ्याच्या बाराव्या-तेराव्या दिवशी तुम्ही अंगणात कढीपत्त्यापाशी उभ्या होतात. फोडणीला पानं तोडत होतात. एक पान तोंडात टाकलंत, चावलंत, आणि खिडकीकडे न पाहता मोठ्यानं म्हणालात, “या झाडाले आता जन्मात ताप येत नाही.” मी आत बाळाला घेऊन बसले होते. मला वाटलं, झाड निरोगी आहे म्हणून बोलल्या. इतकी वर्षं मला तसंच वाटलं, आत्याबाई! चौथी पास बाई मी. त्या दिवसानंतरही तुम्ही पहाटे तलावावर गेलात, झाडं उपटलीत, आठाचा एक पेला केलात, उशाशी आणून ठेवलात आणि पाठ फिरवून आत गेलात. बायांपुढे मला साक्षीला उभं केलंत तेव्हा तुमच्या तोंडाच्या कोपऱ्यात जे काही हलायचं, ते मला कधी कळलं नाही. आणि गुळाचा खडा त्या दिवसानंतर सुपारीएवढा होता तो लिंबाएवढा झाला होता.

हे कागद पोरगी परत मागते आहे. मागच्या रेघा खऱ्या निघाल्या म्हणे, चुकून रद्दीत गेल्या होत्या. तिला दिले तर ती वाचेल, हळू वाचेल पण वाचेल, म्हणून मी सांगितलं की रद्दीवाला घेऊन गेला. आणखी एक खोटं. तुमच्यापाशी लपवून काय उपयोग. आणि त्या रविवारच्या दोन वाट्या, त्याही मी फक्त ओठाला लावल्या. पोरीची पाठ वळली तशा दोन्ही बेसिनमध्ये गेल्या, चौथ्या मजल्यावर कढीपत्ता कुठून आणू. तुमचा काढा आजपावेतो एक घोटसुद्धा माझ्या पोटात गेलेला नाही. गूळ मात्र मी एकवीसच्या एकवीस दिवस खाल्ला.